गच्चीवरील सौर पॅनेल आणि कॉम्बायनर बॉक्स : निवड व जोडणी

आज कितीतरी वस्त्यांत बुद्धविहाराला लागूनच अभ्यासिका उभ्या राहिल्या आहेत. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी आपली मुले-मुली रात्री उशिरापर्यंत तेथे बसतात. वीज गेली की घरी परत जावे, तर घरात तेवढी जागा नसते. म्हणून अनेक संस्थांनी सभासदांच्या वर्गणीतून आणि दानातून गच्चीवर सौर पॅनेल बसविले आहेत, तर काही बसविण्याच्या विचारात आहेत. पॅनेल किती वॅटचे घ्यावे, बॅटरी कोणत्या कंपनीची घ्यावी, यावर कार्यकारिणीच्या बैठकीत भरपूर चर्चा होते. मात्र पॅनेल आणि चार्ज कंट्रोलर यांच्यामध्ये भिंतीवर जी एक लहानशी पेटी बसते, तिच्याविषयी कोणी प्रश्न विचारीत नाही. ठेकेदार जी देईल ती आपण घेतो. वास्तविक जोडणीत दोष राहिला तर आग लागण्याची जागा हीच. पेटीचे नाव कॉम्बायनर बॉक्स. बाजारात तिला कोणी डीसीडीबी म्हणतात, कोणी नुसते जंक्शन बॉक्स.

१९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता, हे आपल्या तरुणांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्याच काळात, १९४४ साली स्थापन झाले. विजेचा प्रश्न केवळ इंजिनिअरचा आहे असे त्यांनी मानले नाही. आपणही तो ठेकेदारावर सोडून देऊ नये, एवढ्यासाठी हा उल्लेख.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. २०२४ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतील घरगुती संच वीज मंडळाच्या लाइनला जोडलेले असतात. बॅटरी नसलेला असा साधा संच लाइन गेली की स्वतःही बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला धक्का बसू नये म्हणून तशी व्यवस्थाच असते. आम्ही येथे लिहीत आहोत ते लाइनपासून स्वतंत्र, बॅटरीवर चालणाऱ्या संचाविषयी.

उदाहरण म्हणून एका अभ्यासिकेचा हिशेब मांडू. ३३५ वॅटची सहा पॅनेल आहेत, म्हणजे एकूण २०१० वॅट. बॅटरी ४८ व्होल्टची, आणि चार्ज कंट्रोलर एमपीपीटी जातीचा, जास्तीत जास्त १५० व्होल्ट सोसणारा. प्रत्येक पॅनेलच्या पाठीमागे एक चिठ्ठी चिकटविलेली असते. विद्यार्थी मित्रांनो, ती चिठ्ठी वाचल्याशिवाय कशालाही हात लावू नका. समजा तिच्यावर असे आकडे आहेत : उघड्या टोकांचे व्होल्टेज, म्हणजे व्हीओसी, ४६ व्होल्ट, काम करतानाचे व्होल्टेज ३८, शॉर्ट सर्किट करंट, म्हणजे आयएससी, ९.३ अँपियर, काम करतानाचा करंट ८.८ अँपियर, आणि सर्वात खाली, बहुतेकांच्या नजरेतून सुटणारा आकडा, कमाल सीरीज फ्यूज १५ अँपियर.

शाळेत एकसर आणि समांतर जोडणी सर्वांनी शिकलेली असते. एकसर जोडणीत व्होल्टेजची बेरीज होते आणि करंट तोच राहतो. समांतर जोडणीत करंटची बेरीज होते आणि व्होल्टेज तेच राहते. एकसर जोडलेल्या पॅनेलच्या रांगेला स्ट्रिंग म्हणतात. आम्ही तिला माळ म्हणू. सहा पॅनेलच्या तीन-तीनच्या दोन माळा करता येतील किंवा दोन-दोनच्या तीन. तीनची माळ केली तर व्हीओसी १३८ व्होल्ट होते. कंट्रोलर १५० चा असल्याने हे चालेल असे वाटते. परंतु थंडीत पॅनेलचे व्होल्टेज वाढते. २५ अंशांच्या खाली दर अंशाला साधारण ०.३ टक्का. विदर्भात डिसेंबरच्या पहाटे पारा ८ अंशांपर्यंत उतरला आणि ऊन पॅनेलवर पडले, तर १३८ चे १४५ होतात. पाच व्होल्टांच्या अंतरावर महागडा कंट्रोलर टांगून ठेवणे आम्हाला पसंत नाही. दोनची माळ केली तर थंडीतही ९७ च्या पुढे जात नाही. उलट मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले की माळेचे काम करतानाचे व्होल्टेज ७६ वरून सुमारे ६४ वर उतरते. ४८ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरण्यास ५८ च्या आसपास लागतात, तेव्हा तेही पुरते. म्हणून दोन-दोनच्या तीन माळा.

या तीन माळा एकत्र आणून पुढे दोनच तारा कंट्रोलरकडे पाठविणे हे कॉम्बायनर बॉक्सचे काम. मग नुसत्या तारा पिळून टेप गुंडाळली तर काय बिघडले, असे कोणी विचारील. बिघडते ते असे. एका माळेत दोष आला, एखाद्या पॅनेलमध्ये शॉर्ट झाला किंवा उंदराने तार कुरतडली, तर उरलेल्या दोन माळांचा करंट पुढे जाण्याऐवजी त्या आजारी माळेत उलटा शिरतो. दोन माळांचे मिळून १८.६ अँपियर. पॅनेलची मर्यादा १५ ची. म्हणून प्रत्येक माळेला स्वतंत्र फ्यूज हवा. माळा दोनच असत्या तर उलटा करंट फार तर ९.३ अँपियर झाला असता आणि माळेच्या फ्यूजची गरज पडली नसती. तीन झाल्या की फ्यूज टाळता येत नाही. "छोटा संच आहे, फ्यूज कशाला" असे सांगणाऱ्या ठेकेदाराला एवढाच हिशेब विचारावा.

फ्यूज किती अँपियरचा? आयएससीच्या दीडपटीपेक्षा कमी नको, कारण ढगाच्या कडेवरून येणाऱ्या प्रखर उन्हात पॅनेल क्षणभर चिठ्ठीवरच्या आकड्यापेक्षा जास्त करंट देते. ९.३ ची दीडपट सुमारे १४. आणि पॅनेलवर लिहिलेल्या कमाल आकड्यापेक्षा जास्तही नको. म्हणजे येथे १५ अँपियर. फ्यूजवर 'जीपीव्ही' असे अक्षर छापलेले पाहावे. तो सौर पॅनेलसाठी बनविलेला असतो. बॅटरीचे ऋण टोक अर्थिंगला जोडलेले असेल तर फक्त धन बाजूला फ्यूज पुरतो. दोन्ही टोके अर्थिंगपासून मोकळी असतील तर दोन्ही बाजूंना घालावा.

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट, जी घरातल्या वायरिंगचा वीस वर्षांचा अनुभव असलेल्या वायरमनलाही कित्येकदा माहीत नसते. घरातील वीज एसी असते. ती सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. पॅनेलची वीज डीसी असते, ती शून्यावर येतच नाही. संपर्क तोडला की हवेतून तिची ज्योत धरते आणि अंतर पुरेसे वाढेपर्यंत जळत राहते. म्हणून घरातला साधा एमसीबी येथे चालत नाही. आमच्या पाहण्यातल्या एका सभागृहाच्या गच्चीवर ठेकेदाराने साधे एसी एमसीबी बसविले होते. वर्षभर काही झाले नाही. मग एका दुपारी कोणीतरी भर उन्हात तो खाली ओढला आणि एमसीबी आतल्या आत वितळला. पेटी पत्र्याची होती आणि जवळ लाकूड नव्हते म्हणून निभावले. सभागृहात त्या वेळी लहान मुलांचा वर्ग चालू होता.

तेव्हा मुख्य स्विच डीसीचाच हवा, दोन्ही तारा एकदम तोडणारा, आणि त्यावर लिहिलेले डीसी व्होल्टेज आपल्या ९७ पेक्षा बरेच जास्त असावे. तीन माळांचा शॉर्ट सर्किट करंट २७.९ अँपियर; त्याला १.५६ ने गुणले की सुमारे ४४ येतात. बाजारात मिळणारा त्यावरचा आकडा ५० अँपियर. डीसी एमसीबी घेताना त्यावर धन-ऋण खुणा आहेत का हेही पाहावे. काही एमसीबी एकाच दिशेने चालतात. ते उलटे जोडले तर आतील चुंबक ज्योतीला विझविण्याच्या कप्प्याकडे न ढकलता उलट बाजूला ढकलते, आणि डीसीचा म्हणून घेतलेला एमसीबीही जळतो. शक्य तर खुणा नसलेला, दोन्ही दिशांनी चालणारा घ्यावा. आणि माळेचा फ्यूज होल्डर हा स्विच नव्हे. करंट वाहत असताना तो उघडायचा नाही, पॅनेलचे एमसी-४ कनेक्टरही ओढायचे नाहीत. आधी मुख्य स्विच बंद, मग बाकी सर्व.

विजांच्या कडकडाटासाठी एसपीडी बसवितात. बाजारात सहज मिळणारे ६०० किंवा १००० व्होल्टचे असतात. आपल्या ९७ व्होल्टच्या संचात ते फार उशिरा जागे होतात, तोवर कंट्रोलरचे नुकसान होऊन गेलेले असू शकते. शोधून कमी व्होल्टेजचा घ्यावा. त्याची अर्थिंगची तार जाड, सरळ आणि आखूड ठेवावी. पॅनेलच्या चौकटी आणि स्टँडही त्याच अर्थिंगला जोडावेत.

पेटीविषयी थोडक्यात : उन्हा-पावसात टिकणारी, आयपी ६५ दर्जाची, आणि गरजेपेक्षा थोडी मोठी. दाटीवाटीने बसविलेले फ्यूज एकमेकांना तापवितात. ती थेट उन्हात नको, उत्तरेच्या भिंतीवर किंवा पॅनेलच्या सावलीत हवी. तारा खालच्या बाजूने, केबल ग्लँडमधून आत घ्याव्यात आणि पेटीच्या खाली तारेला थोडा झोल द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून आत न शिरता झोलाच्या तळाशी ठिबकते. न वापरलेले प्रत्येक छिद्र बुजवावे. मुंग्या, पाली आणि गांधीलमाश्या यांना ही पेटी फार आवडते.

माळेपासून पेटीपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची सोलर केबल पुरते. पेटीपासून कंट्रोलरपर्यंत मात्र काटकसर करू नये. अंतर २० मीटर असेल तर जाऊन-येऊन ४० मीटर तार होते, आणि तीन माळांचे २६.४ अँपियर तीतून वाहतात. १० चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत सुमारे २ व्होल्ट, म्हणजे पावणेतीन टक्के वाया जातात. तार तापली की थोडे आणखी. १६ ची घेतली तर सव्वा-दीड व्होल्टवर येते. आम्ही १६ ची सुचवितो. एमसी-४ कनेक्टरची नर-मादी जोडी एकाच कंपनीची असावी. वेगवेगळ्या कंपन्यांचे वरवर बसतात, पण आतला संपर्क ढिला राहून तापतो. ते दाबण्यास त्यासाठीचेच क्रिंपिंग अवजार हवे, पकड नव्हे.

जोडणीचा क्रम असा ठेवावा. सर्व फ्यूज होल्डर उघडे, मुख्य स्विच बंद. पॅनेलवर ताडपत्री टाकली तरी ती निसटू शकते, म्हणून टोके नेहमी जिवंतच समजावीत. ९२ व्होल्ट डीसी घामेजलेल्या अंगाला धोक्याचे आहेत. प्रथम पेटी ते कंट्रोलर ही तार जोडा, नंतर कंट्रोलरला बॅटरी, आणि शेवटी एकेक माळ पेटीत आणा. टर्मिनलमध्ये मोकळ्या बारीक तारा न घालता त्यावर फेरूल किंवा लग दाबून मगच स्क्रू आवळा. ताडपत्री असेल तर आता काढून, फ्यूज होल्डर उघडेच ठेवून, मल्टिमीटर डीसीवर लावा आणि प्रत्येक माळ मोजा. ऊन चांगले असेल तर थंड सकाळी ९२ च्या आसपास, तापलेल्या दुपारी ८० च्या आसपास आकडा येईल. तिन्ही माळांचे आकडे जवळजवळ सारखे असले पाहिजेत. एखादी निम्माच दाखवीत असेल तर तिच्यातले एक पॅनेल जोडणीतून सुटले आहे किंवा बिघडले आहे. आणि आकड्याआधी उणे चिन्ह आले तर ती माळ उलटी आहे.

उलटी माळ ही या सर्व कामातील सर्वात वाईट चूक. तसा फ्यूज बंद केला तर दोन सुलट माळांचा करंट उलट्या माळेतून फिरू लागतो आणि तिच्या पॅनेलमधील बायपास डायोड जळू शकतात. फ्यूज वाचवील अशा भरवशावर राहू नये, कारण १५ अँपियरचा फ्यूज १८ अँपियरवर लगेच उडत नाही, कदाचित उडणारही नाही. म्हणून एकाने मोजावे आणि दुसऱ्याने स्वतंत्रपणे पुन्हा मोजावे. आय.टी.आय.च्या मुलांना आम्ही हेच काम आधी देतो. मोजताना वहीत तारीख, वेळ आणि तिन्ही आकडे लिहून ठेवायचे. तिन्ही बरोबर आले की फ्यूज एकेक करून लावायचे आणि शेवटी मुख्य स्विच वर करायचा.

महिनाभराने एकदा, नंतर दर पावसाळ्यापूर्वी, मुख्य स्विच बंद करून स्क्रू पुन्हा आवळून पाहावेत. एखाद्या तारेचे आवरण पिवळे पडले किंवा कडक झाले असेल तर तो स्क्रू ढिला होता असे समजावे आणि टोक कापून नव्याने दाबावे. पेटीच्या झाकणाच्या आतील बाजूस जोडणीचा नकाशा आणि फ्यूजचे आकडे मराठीत लिहून चिकटवावेत, दोन जादा फ्यूज तेथेच ठेवावेत, आणि किल्ली विहाराच्या कपाटात अशा ठिकाणी असावी की रात्री अभ्यासिका बंद करणाऱ्यालाही ती सापडेल.