एक्स-रे गादीखाली, नाव उघड्यावर

सोयगावच्या पेशंटला सीटी स्कॅन सांगितला की घरचे पाचोरा, जळगाव गाठतात, नाहीतर संभाजीनगरला 'घाटी' रुग्णालयात नेतात. परतताना एसटीत मांडीवर फिल्मचं मोठं पाकीट असतं, वाकू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलेलं. घरी आलं की ते गादीखाली जातं. घरात लग्नाची मुलगी असेल तर अधिकच जपून. त्याच तपासणीची दुसरी प्रत मात्र सेंटरच्या सर्व्हरवर राहते, आणि ती कोण जपतं हे आपण कधी विचारत नाही.

वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या नव्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. त्यातली मुख्य बंधनं तिथून दीड वर्षाने लागू होणार असं ठरलं. तेव्हापासून २५० कोटींपर्यंतच्या दंडाची आणि दिल्लीच्या 'एम्स'ची चर्चा चालू आहे. नोव्हेंबर २०२२मध्ये तिथले सर्व्हर कोणीतरी बंद पाडले आणि केसपेपर पुन्हा हाताने लिहायची वेळ आली. मला त्याहून धास्ती वाटते ती २०२०मध्ये बातम्यांत आलेल्या एका अहवालाची. जर्मनीच्या 'ग्रीनबोन' कंपनीला भारतीय रुग्णांच्या १२ कोटींहून अधिक प्रतिमा इंटरनेटवर उघड्या सापडल्या. सर्वांत जास्त आपल्या महाराष्ट्रातल्या: ३,०८,४५१ तपासण्या, जवळपास सात कोटी प्रतिमा. त्या बघायला पासवर्डही लागत नव्हता.

हे होतं कसं? स्कॅनची फाइल 'डायकॉम' नावाच्या पद्धतीने साठवतात. फिल्मच्या कोपऱ्यात पेशंटचं नाव छापलेलं असतं ना, तसं या फाइलच्या आतच नाव, जन्मतारीख, डॉक्टर, तपासणी असं सगळं लिहिलेलं असतं. चित्र गेलं की नावही गेलं. ही पद्धत बसली तेव्हा मशीनपासून डॉक्टरांच्या कॉम्प्युटरपर्यंतचा रस्ता दवाखान्याच्या भिंतींच्या आतच होता. पुढे डॉक्टरांना घरबसल्या स्कॅन बघायचे म्हणून तो इंटरनेटला जोडला गेला, आणि दाराला कडी लावायची राहून गेली.

सोयगावसारख्या गावात परदेशातल्या चोरापेक्षा शेजारच्या गल्लीची भीती मोठी. टीबी, एचआयव्ही, गर्भपात यांतलं काही बाहेर फुटलं की सोयरीक मोडते. एचआयव्हीसाठी २०१७चा वेगळा कायदा झाला, त्यात गोपनीयतेचीही तरतूद आहे. इकडे रिपोर्टचे फोटो व्हॉट्सअॅपवर फिरतात. गरोदर बायांच्या याद्या आशाताईंच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये असतात आणि तोच मोबाइल घरची पोरं खेळायला घेतात. ताईंना दोष कसा द्यायचा? सरकारने काम दिलं, त्यासोबत सुरक्षित साधनही द्यायला हवं होतं.

नव्या कायद्यातली एक गोष्ट मला अजिबात पटत नाही. २०११च्या नियमांत आरोग्याची माहिती 'संवेदनशील' म्हणून वेगळी काढली होती. नव्या कायद्यात ती वर्गवारीच नाही. बाईचा सोनोग्राफी रिपोर्ट आणि तिच्या चपलेचा नंबर, दोन्ही नुसता 'वैयक्तिक डेटा'.

एक तरतूद मात्र चांगली आहे: माहिती फुटली तर संबंधित व्यक्तीला विनाविलंब, सोप्या भाषेत कळवायचं. कुठे? तिने नोंदवलेल्या पत्त्यावर किंवा मोबाइलवर. सेंटरच्या काउंटरवर जाऊन बघा. "आजी, मोबाइल नंबर सांगा." आजी मागे वळून पुतण्याकडे बघते. पुतण्या स्वतःचा नंबर सांगतो. रिपोर्ट त्याच नंबरवर जातो, आणि उद्या तो फुटल्याचा निरोपही तिथेच जाईल.