सुट्टीतलं प्रेम आणि फ्री बॉडी डायग्राम

फर्स्ट इयरला मेकॅनिक्समध्ये फ्री बॉडी डायग्राम आपण सगळ्यांनीच काढलाय. (केटीवाल्यांनी दोनदा.) शिडी भिंतीपासून सोडवायची, जमिनीपासून सोडवायची, कागदावर एकटी मांडायची. आणि मग जिथे जिथे तिला तोडलं, तिथे तिथे रिअॅक्शन दाखवायची. ती विसरलात तर आकृती छान दिसते, मार्क मात्र शून्य.

सुट्टीतल्या प्रेमावरची लघुकादंबरी अगदी अशीच बनते. दोन माणसं उचलायची, घर-नोकरी-नातेवाईक यांच्यापासून तोडायची आणि थंड हवेच्या ठिकाणी किंवा समुद्रकिनारी नेऊन ठेवायची. दिवस मोजकेच द्यायचे. लेखकाची केवढी सोय! दूधवाल्याचा हिशोब नाही, मधेच बेल वाजवणारा शेजारी नाही. वेळ संपत आलेली असल्यामुळे साध्या बोलण्यालाही धार येते. बोरीवलीकरांना हे वेगळं समजवायला नको. गोराईच्या लाँचने खाडी ओलांडली की त्याच दोन माणसांच्या बोलण्याचा सूर बदलतो आणि परतीच्या लाँचची वेळ झाली की पुन्हा बदलतो.

या प्रकाराचं बळ इथेच आहे आणि खोट पण इथेच. माणसं तोडली, पण रिअॅक्शन दाखवायची राहिली, असं फार वेळा होतं. ना. सी. फडके (१८९४–१९७८) यांनी मराठी प्रेमकथेला डौल दिला. १९३१ साली 'प्रतिभासाधन' लिहून कथा-कादंबरीचं तंत्रही मांडलं. पण त्यांचं बोट धरून पुढे जी ढीगभर पुस्तकं आली, त्यांत देखणा नायक, सुशिक्षित नायिका, मावळतीचे रंग एवढंच उरलं. या लोकांना सुट्टी कोण देतं, हॉटेलचं बिल कोण भरतं, परत गेल्यावर काय होतं, कोणी विचारत नाही. वाचायला गोड, आणि बोरीवलीला चढून अंधेरीला उतरेपर्यंत विसरायला होतं.

म्हणूनच मला मिलिंद बोकील यांची 'समुद्र' (मौज प्रकाशन गृह, २००९) या रांगेत वेगळी वाटते. बोकील म्हटलं की आपल्याला 'शाळा' आठवते. 'समुद्र' त्या मानाने कमी वाचली जाते, पण मुद्दाम मिळवून वाचावी अशी आहे. भास्कर आणि नंदिनी हे मध्यमवयीन जोडपं. पैशाची ददात नाही. भास्कर कामात बुडालेला. दोघं समुद्रकाठच्या रिसॉर्टवर चार दिवस निवांत राहायला येतात. म्हणजे सुट्टीतला प्रणय, पण नवरा-बायकोचा! आणि तिथे नंदिनी त्याला आपल्या आयुष्यात येऊन गेलेल्या दुसऱ्या माणसाबद्दल सांगते.

बोकीलांनी गंमत अशी केलीये की नेहमीची आकृती उलटी धरली. इतर ठिकाणी माणसं सुट्टीवर जाऊन घर विसरतात. इथे घरी इतकी वर्षं जे बोलता आलं नाही, ते सुट्टीवर आल्यामुळे बोलावं लागतं. तोडलेल्या प्रत्येक ठिकाणी रिअॅक्शन उभी राहते: भास्करचं काम, त्याचा गृहीत धरण्याचा स्वभाव, तिचं एकटेपण. आणि पळायला जागा नाही. घरी असता तर भास्कर गाडी काढून ऑफिसला निघून गेला असता. इथे समोर फक्त पाणी. त्यामुळे समुद्र नुसता देखावा म्हणून राहत नाही, तो त्या माणसाला अडवून धरतो. मला विचाराल तर हे या पुस्तकातलं सगळ्यात पक्कं बांधकाम आहे.

आता कमतरता. पहिली म्हणजे तो तिसरा माणूस. तो आपल्याला कळतो तो नंदिनीच्या सांगण्यातून. डायग्राममध्ये बाण काढलाय, त्यावर 'एफ' पण लिहिलंय, पण त्याचं मूल्य किती ते नीट समजत नाही. नंदिनीला त्याच्याकडून काय मिळालं हे ती सांगते. ते आपल्याला जाणवायला हवं होतं. दुसरी तक्रार संवादांची. काही ठिकाणी दोघं इतकं मुद्देसूद बोलतात की व्हायवा चालू आहे असं वाटतं. ज्याचं जग आत्ताच हललंय तो माणूस अडखळेल, मूर्खासारखं काहीतरी बोलेल, चहा मागवेल. अर्थात याच संवादांमुळे कादंबरी रंगमंचावर जाऊ शकली. तिच्यावर चिन्मय मांडलेकर आणि स्पृहा जोशी यांचं नाटक आलं.

या जातीच्या कथांमध्ये मोजपट्टी म्हणून एकच गोष्ट हाताशी ठेवावी: चेकॉव्हची १८९९ सालची 'लेडी विथ द डॉग'. पानं थोडीच, म्हणजे खरं तर कथाच. याल्टाला सुट्टीवर आलेला विवाहित गुरोव तिथे अॅनाला भेटतो. तीही विवाहित. त्याला वाटतं, मॉस्कोला गेलो की महिन्याभरात विसरू. विसरत नाही. दुसरा कोणीही लेखक स्टेशनवरच्या निरोपापाशी थांबला असता. चेकॉव्हची खरी गोष्ट तिथून सुरू होते. प्रेम हिवाळ्यात, शहरात, चोरून भेटण्याच्या कटकटीत टिकतं का, ते तो बघतो. बोकीलांची माणसं रिसॉर्टवर जे बोलतात, त्याची अशी शहरातली परीक्षा मला वाचायची होती. लघुकादंबरीच्या आकारात तेवढी जागा नक्की होती.

तरी आमच्या कँटीनमध्ये या पुस्तकावर जेवढं भांडण झालं, तेवढं एखाद्या मॅचवरही होत नाही. मेकॅनिकलची बहुतेक मुलं भास्करच्या बाजूने: बिचाऱ्याने सगळं दिलं, आणि ही असं वागते! मुलींचा प्रश्न वेगळाच होता: इतक्या वर्षांत त्याने एकदाही तिला काही विचारलं का नाही? एकीचं म्हणणं तर असं की नंदिनीने सांगायलाच नको होतं, कारण सांगून तिचं ओझं हलकं झालं आणि त्याचं वाढलं. मी नंदिनीच्या बाजूने आहे. न सांगता ती त्याच्यासोबत नीट राहिलीही असती, पण मग त्याचा संसार एका अनोळखी बाईबरोबर चालला असता, आणि ते त्याला कधीच कळलं नसतं. शेवट काय होतो ते इथे लिहीत नाही. आमच्या कॉपीत शेवटून तिसऱ्या पानावर कोणीतरी पेन्सिलने मोठं प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय, ते अजून कोणी खोडलेलं नाही.