अग्निवीर व्हायचंय? मग हिशेब पाचव्या वर्षाचा मांडा

टेंभुर्णी आणि आसपासच्या गावांत बारावी झालेल्या पोरापुढे वाटा मोजक्याच असतात. वाटण्या होत होत दोन-तीन एकरांवर आलेला ऊस, एमआयडीसीतलं कंत्राटी काम, पुण्याची गाडी, नाहीतर भरती. भरतीची तयारी करणारे पुष्कळ आहेत, पण ती नेमकी कशी होते आणि चार वर्षांनी पुढे काय, हे नीट सांगणारे कमी. म्हणून आज अग्निवीर भरतीची वाट पायरीपायरीनं पाहू.

आधी योजना समजून घ्या. केंद्र सरकारनं १४ जून २०२२ रोजी ‘अग्निपथ’ जाहीर केली. भरती झालेला तरुण चार वर्षं सैन्यात असतो, त्याला अग्निवीर म्हणतात. चार वर्षांनंतर तुकडीतल्या जास्तीत जास्त २५ टक्के जणांना कायम सेवेत घेतात, बाकीचे घरी येतात. त्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. हे कटू वाटेल, पण अर्ज भरण्याआधी आपल्याला आणि घरच्यांना हे माहीत असलंच पाहिजे. पुढची प्रत्येक पायरी या एका गोष्टीच्या उजेडात पाहायची आहे.

पहिली पायरी कॉलेजातच सुरू होते. आपल्या कॉलेजात एनसीसी, म्हणजे राष्ट्रीय छात्र सेना, असेल तर प्रवेशाच्या वर्षीच नाव घाला. ‘बी’ प्रमाणपत्राला दोन वर्षं लागतात, ‘सी’साठी आणखी एक. या प्रमाणपत्रांना सैन्याच्या भरतीत वाढीव गुण आहेत. केंद्रीय पोलीस दलांच्या शिपाई भरतीतही ए, बी आणि सी प्रमाणपत्रांना अनुक्रमे २, ३ आणि ५ टक्के गुण वाढवून मिळतात. पुष्कळ मुलं उत्साहानं नाव घालतात आणि मग परेडला दांड्या मारतात. ७५ टक्के हजेरी आणि शिबिर झालं नाही तर परीक्षेलाच बसता येत नाही.

पदवी पूर्ण करणाऱ्यांनी एक दार विसरू नये. पदवीला ५० टक्के गुण आणि ‘सी’ प्रमाणपत्रात किमान ‘बी’ श्रेणी असेल, तर एनसीसी विशेष प्रवेशातून लेखी परीक्षेशिवाय अर्ज करता येतो. छाननीत निवडलेल्यांना थेट अधिकारीपदाच्या मुलाखतीला, म्हणजे एसएसबीला, बोलावतात. आपल्याकडची हुशार मुलं हे माहीत नसल्यानं शिपाई भरतीच्याच रांगेत उभी राहतात, याचं मला फार वाईट वाटतं.

एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं, गणित वेगळं. ती २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असं तिचं स्वरूप आहे. लोकांत मिसळायला, गावाची पाहणी करायला, चारचौघांत उभं राहून बोलायला ती शिकवते. ज्यांना समाजकार्य किंवा ग्रामविकासाकडे जायचं आहे त्यांनी ती जरूर करावी. सैन्यभरतीत मात्र तिला एनसीसीची जागा नाही.

दुसरी पायरी, कोणत्या पदासाठी अर्ज करायचा. जनरल ड्यूटीला, ज्याला सगळे नुसतं ‘जीडी’ म्हणतात, दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ टक्के लागतात. क्लार्कला बारावीला ६० टक्के, शिवाय प्रत्येक विषयात ५० टक्के लागतात. तांत्रिक पदाला बारावी विज्ञान किंवा दहावीनंतर ठरावीक आयटीआय, डिप्लोमा चालतो. ट्रेड्समनमध्ये आठवी उत्तीर्णांसाठीही काही जागा असतात. महाराष्ट्रातल्या उमेदवाराला जीडीसाठी १६८ सेंटिमीटर उंची हवी, क्लार्कसाठी १६२ चालते. उंचीत कमी पडणारे कितीतरी जण जीडीचाच हट्ट धरून बसतात. मुलींना सैन्य पोलीस दलात अग्निवीर होता येतं.

तिसरी पायरी कागदपत्रांची, आणि सर्वांत जास्त मुलं अडकतात ती इथेच. दहावीचं गुणपत्रक आणि आधार कार्ड शेजारी ठेवा आणि अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. आपलं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख. एका ठिकाणी ‘दत्तात्रय’ आणि दुसरीकडे ‘दत्तात्रेय’ असेल, कुठे आडनाव आधी तर कुठे नंतर असेल, तरी मैदानावर कागद तपासताना प्रश्न उभा राहतो. आधारची दुरुस्ती आधी करून घ्या, जाहिरात आल्यावर धावपळ नको. जातीचा आणि अधिवासाचा दाखला सेवा केंद्रातून माढा तहसीलला अर्ज करून वेळेत मिळवा. चारित्र्याचा आणि अविवाहित असल्याचा दाखला मात्र सहा महिन्यांच्या आतला लागतो, तो फार आधी काढून ठेवला तर वाया जातो.

चौथी पायरी ऑनलाइन अर्ज. तो सैन्याच्या ‘जॉइन इंडियन आर्मी’ या संकेतस्थळावरच भरायचा. वयाची खालची मर्यादा साडेसतरा वर्षं आहे. वरची मर्यादा जाहिरातीत ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत जन्मलेले’ अशी छापतात, ती स्वतः वाचा, कुणाच्या सांगण्यावर राहू नका. अर्जात मोबाइल नंबर आणि ई-मेल आपलाच घाला. सेवा केंद्रवाल्याचा ई-मेल दिला की प्रवेशपत्र त्याच्याकडे जातं आणि आपल्याला पत्ताच नसतो.

पाचवी पायरी लेखी परीक्षा. पूर्वी आधी धावणं आणि मग पेपर असायचा, २०२३ पासून क्रम उलटा झाला. आता संगणकावरची सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईई, आधी होते. जीडीला एका तासात ५० प्रश्न असतात. बरोबर उत्तराला २ गुण मिळतात, चुकलं की अर्धा गुण जातो. वर्षभर पळून पळून नडग्या दुखवून घेतलेली मुलं या एका तासात बाहेर पडतात. म्हणून सकाळी जेवढं धावाल, संध्याकाळी तेवढाच वेळ गणित आणि सामान्य विज्ञानाला द्या. परीक्षा आता मराठीतही देता येते. अर्ज भरताना भाषा निवडायची राहून जाऊ नये.

सहावी पायरी मैदान. १,६०० मीटर अंतर साडेपाच मिनिटांत कापलं तर पूर्ण ६० गुण, आणि बीमवर दहा पुलअप्स काढल्या तर ४०. शिवाय नऊ फुटांचा खड्डा ओलांडायचा आणि नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत जायचं. साडेपाच मिनिटं म्हणजे चारशे मीटरची एक फेरी साधारण ८२ सेकंदांत. गर्दीच्या रेट्यात पहिली फेरी सत्तर सेकंदांत मारणारा तिसऱ्या फेरीत पाय ओढू लागतो. घड्याळ लावून, प्रत्येक फेरी सारख्या वेळात, अशी सवय आधीच करा.

आणि कळकळीची विनंती, महामार्गावर धावू नका. गळीत हंगामात पहाटेच्या अंधारात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर जात असतात, मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असं नाही. शाळेचं मैदान किंवा मातीचा रस्ता बरा, तो पायांनाही मऊ पडतो.

सातवी पायरी वैद्यकीय तपासणी. ही खरं तर पहिलीच असायला हवी. रंग ओळखण्यातला दोष, सपाट तळवे, उभं राहिल्यावर एकमेकांना टेकणारे गुडघे, कानाच्या पडद्याचा त्रास, या कारणांनी मुलं बाद होतात. तयारीत वर्ष आणि अकादमीची फी घालण्याआधी सरकारी दवाखान्यात डोळे, कान आणि पाय दाखवून घ्या. कानातला मळ आधीच काढून घ्या. हातावर नाव गोंदवायचा मोह टाळा, गोंदणाला सैन्यात फार थोड्या जागी परवानगी आहे. मैदानावर ‘अनफिट’ ठरलात तरी लष्करी रुग्णालयात फेरतपासणी मागता येते. मुदत थोडी असते, त्यामुळे रडत घरी न येता तिथेच पुढची तारीख विचारा.

वाटेत ‘आत ओळख आहे, काम करून देतो’ म्हणणारा कुणी ना कुणी भेटतो. निवड लेखी आणि मैदानी गुणांच्या यादीवर होते. असा माणूस दहा जणांकडून पैसे घेतो, त्यातले दोघे स्वतःच्या गुणांवर लागतात आणि त्यांचं नाव सांगून तो पुढची दहा गिऱ्हाइकं गाठतो. त्याला एक रुपयाही देऊ नका.

निवड झाली की बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रासारख्या एखाद्या प्रशिक्षण केंद्रात जावं लागतं. तिथलं सारं तिथे गेल्यावर शिकवतातच, इथे पैशांचं पाहू.

पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये. त्यातले ९,००० ‘सेवा निधी’त, म्हणजे शेवटी एकरकमी मिळणाऱ्या ठेवीत जातात आणि २१,००० हातात येतात. चौथ्या वर्षी ४०,००० पैकी १२,००० कापून २८,००० मिळतात. चार वर्षांत आपले सुमारे ५.०२ लाख जमतात, सरकार तेवढेच घालतं आणि व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये करमुक्त हाती येतात. सेवाकाळात ४८ लाखांचा विमा असतो, त्याचा हप्ता आपल्याला भरावा लागत नाही. मधेच स्वतःहून सोडून आलात तर सरकारचा वाटा मिळत नाही. या चार वर्षांत लग्नही करता येत नाही, हे घरच्यांना आधीच सांगा.

आता पाचवं वर्ष. कायम सेवेसाठीची निवड चार वर्षांतल्या कामगिरीवर होते, म्हणून शिस्तीची एकही नोंद खराब होऊ देऊ नका. पण आपण २५ टक्क्यांत नसू असं धरूनच तयारी करावी, हे माझं ठाम मत आहे. दहावीवर गेलेल्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावीची सोय आहे. इग्नूच्या खास पदवीत निम्मे क्रेडिट सैन्यातल्या प्रशिक्षणाचे धरले जातात. ड्रायव्हिंग, वायरलेस, यंत्रदुरुस्ती, जो कोर्स कराल त्याच्या प्रमाणपत्राची एक प्रत घरी पाठवा. केंद्रीय पोलीस दलांत अग्निवीरांसाठी १० टक्के जागा आणि वयाची सवलत २०२२ मध्येच जाहीर झाली, त्या परीक्षेची पुस्तकं चौथ्या वर्षी उघडलेली असावीत.

राहिले ते ११.७१ लाख. ते हाती येतील तेव्हा आपण पंचविशीच्या आत-बाहेर असाल आणि पुढचं सारं आयुष्य उभं करायचं असेल. त्या भरवशावर बहिणीच्या लग्नाचं कर्ज काढू नका, बंगल्याचा पाया खणू नका, उसनवारी करू नका. पहिल्या सुट्टीला घरी याल तेव्हाच आई-वडिलांना समोर बसवून हे स्पष्ट सांगा.