एका तारेचे दोन धनी

घाटावरचा आणि घाटाखालचा असे बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग तेथील लोकांच्या बोलण्यांत नेहमीं येतात. मेहकर तालुका घाटावरचा, आणि मेहकरहून खामगांवकडे जातांना लागणारें जानेफळ हें त्या तालुक्यांतील एक मोठें गांव. कापूस, सोयाबीन, तूर हीं येथील पावसाळी पिकें. ज्याच्या विहिरीला पाणी असेल त्याचा हरभरा आणि गहूं. अशा गांवांत वीज आहे काय, असें शहरांतील कोणी विचारलें तर 'आहे' असेंच उत्तर मिळेल, आणि तें खरेंहि आहे. परंतु ती कोणत्या वेळीं असते आणि कोणत्या कामापुरती असते, हें विचारल्यावांचून सरकारच्या वीजविषयक धोरणाचा अर्थ उलगडत नाहीं.

प्रथम विजेचा प्रवास पाहूं जातां असें दिसतें : घाटाखालीं, शेजारच्या अकोला जिल्ह्यांत पारस येथें कोळशावर चालणारें वीजकेंद्र आहे. २५० मेगावॅटचे दोन संच तेथें चालतात. पण पारस जवळ म्हणून तेथील वीज मेहकर तालुक्याला आधीं मिळते, असें मात्र नाहीं. सर्व केंद्रांची वीज एकाच जाळ्यांत मिसळते आणि मग तिची वांटणी होते. ग्रामीण उपकेंद्रांत ती बहुधा ३३ हजार व्होल्टच्या दाबानें येते, तेथें तिचा दाब ११ हजारांवर उतरवितात, आणि पुढें खांबांवरून वावरांवावरांतून जी तार जाते तिला 'वाहिनी' किंवा सर्वांच्या तोंडीं बसलेल्या शब्दानें 'फीडर' म्हणतात. या वाहिनीवर जागोजाग दाब आणखी उतरविणारीं रोहित्रें असतात. रोहित्र हा शब्द सरकारी कागदांतला; खेड्यांत त्याला डी. पी. म्हणतात. डी. पी. तून निघणाऱ्या तारा चार, तीन फेजच्या आणि एक न्यूट्रल. घरांतील दिव्याला त्यांपैकीं एक फेज पुरते. विहिरीवरच्या मोटरीला बहुधा तिन्ही लागतात. हा भेद लहान दिसतो, पण गेल्या पन्नास वर्षांचें पुष्कळसें राजकारण त्यांत सांठविलेलें आहे.

दिवा आणि पंप यांच्या भुकेंतहि केवढें अंतर! ५ अश्वशक्तीची मोटर सुमारें ३,७३० वॅट वीज घेते. आजचा घरगुती दिवा ९ वॅटचा. म्हणजे एका मोटरीच्या विजेंत चारशेंहून अधिक दिवे लागतील. एखाद्या शिवारांतील वीस विहिरींवर मोटरी एकदम सुरू झाल्या तर त्या आठ हजार दिव्यांइतकी वीज ओढतात. हे दोन धनी एकाच तारेवर बसविले, तर त्यांचें भांडण अटळच होतें.

बसविले कसे, हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. १९४८ सालीं वीजपुरवठ्याचा कायदा झाला आणि प्रांतोप्रांतीं सरकारी मंडळें स्थापण्याची तरतूद झाली. जानेफळ त्या वेळीं मध्यप्रांत-वऱ्हाडांत होतें. १९५६ च्या नोव्हेंबरांत वऱ्हाड मुंबई राज्यांत आलें, आणि १९६० सालीं महाराष्ट्र राज्य होतांच महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वांत आलें. पुढें १९६५-६६ चा दुष्काळ पडला. परदेशांतून जहाजांनीं धान्य आणावें लागलें, आणि दिल्लीच्या धोरणकर्त्यांनीं हिशेब मांडला कीं, दिव्यासाठीं खेड्यांत खांब नेले तर उत्पन्न थोडें. विहिरीसाठीं नेले तर धान्य वाढेल. १९६९ सालीं ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन झाला, तो मंडळांना या कामीं कर्ज देण्यासाठीं. तेव्हांपासून खेड्यांतील विजेची प्रगति किती पंप जोडले यावरून मोजण्याचा प्रघात पडला.

त्या काळची 'विद्युतीकृत गांव' याची व्याख्या तर पाहण्यासारखी आहे. गांवाच्या महसुली हद्दींत कोठेंहि, कोणत्याहि कामासाठीं वीज वापरली जात असली कीं तें गांव विद्युतीकृत. शिवाराच्या टोकाला एका विहिरीवर एक मोटर चालूं लागली म्हणजे, वस्तींत एकहि दिवा नसतां, कागदोपत्रीं गांव उजळलें! ही व्याख्या १९९७ पर्यंत टिकली. त्या वर्षीं वीज वस्तीच्या आंत वापरली गेली पाहिजे, एवढी सुधारणा झाली. २००४ सालीं ती आणखी कडक केली. शाळा, पंचायत, दवाखाना अशा सार्वजनिक ठिकाणीं वीज हवी, दलित वस्ती असेल तेथें तार पोंचलेली हवी, निदान दहा टक्के घरांत वीज हवी, आणि तसा दाखला ग्रामपंचायतीनें दिला पाहिजे. दहा टक्के म्हणजे शंभरांतील नव्वद घरें अंधारांत असलीं तरी चालतें, हें त्यांत आलेंच. देशांतील प्रत्येक गांवीं वीज पोंचली अशी घोषणा २०१८ च्या एप्रिल महिन्यांत झाली ती याच मापानें. घराघराचा हिशेब धरणारी सौभाग्य योजना त्याआधीं सातच महिने, २०१७ च्या सप्टेंबरांत, निघाली होती. आणि या कोणत्याहि व्याख्येंत तासांचा उल्लेख नाहीं.

पंपांना उत्तेजन देण्याच्या भरांत दुसरी एक गोष्ट घडली. पंपाची वीज मीटरवर न मोजतां मोटरीच्या अश्वशक्तीवरून ठोक आकारणी करण्याची पद्धति पडली. रानांतल्या हजारों विहिरींवर मीटर वाचीत हिंडण्याचा खर्च वांचला, शेतकऱ्यालाहि तें सोयीचें वाटलें. परंतु मोजमाप गेलें म्हणजे सत्यहि झांकलें जातें. तारांवर आकडे टाकून चोरलेली वीज, जुन्या तारांत वाया गेलेली वीज, हें सर्व 'शेतीपंपांनीं वापरलें' या एकाच खात्यांत लिहितां येऊं लागलें. १९९९ सालीं राज्यांत वीज नियामक आयोग स्थापन झाला आणि मंडळाचे हिशेब उघड्यावर तपासले जाऊं लागले, तेव्हां कोठें कळलें कीं, गळति मंडळ सांगत होतें त्याहून पुष्कळच मोठी होती. शेतकऱ्याच्या नांवावर खर्ची पडलेली बरीच वीज त्याच्या वावरांत पोंचलीच नव्हती.

मग टंचाईचा काळ आला. २००५ सालीं विद्युत मंडळाचें विभाजन होऊन ग्राहकापर्यंत वीज पोंचविण्याचें काम महावितरण कंपनीकडे गेलें. पुढील कांहीं वर्षें राज्यांत मागणीच्या मानानें चार-पांच हजार मेगावॅट वीज कमी पडत असे. भारनियमन हा शब्द लहान मुलांनाहि पाठ झाला तो याच काळांत. जेथें गळति अधिक व वसुली कमी तेथें भारनियमन अधिक, असें तत्त्व ठरलें. तत्त्व म्हणून तें समजण्यासारखें आहे. पण बिल वेळेवर भरणारें घर वाईट वाहिनीवर असलें तर तेंहि शेजाऱ्यांबरोबर अंधारांत बसे. संध्याकाळीं दिव्याची वेळ आणि पंप सुरू करण्याची ओढ एकाच वेळीं येते. पंप बंद ठेवावयाचे तर तार बंद करावी लागे, आणि तार बंद केली कीं स्वयंपाकघरांतला दिवाहि जाई.

यावर युक्त्या निघाल्या. एक म्हणजे सिंगल फेजिंग : ठरलेल्या वेळीं उपकेंद्रांतूनच एका फेजपुरती वीज सोडावयाची, म्हणजे दिवे लागतील, मोटरी फिरणार नाहींत. शेतकऱ्यानें त्यावर प्रतियुक्ति काढली. कपॅसिटर जोडून एका फेजवर मोटर फिरवितां येते, हें खेड्यांतील वायरमनला कळावयास किती वेळ लागणार? मोटर तापे, दिवे मिणमिणत, डी. पी. जळे, पण पाणी निघे. दुसरी युक्ति होती अक्षय प्रकाश योजना. हींत सरकारी यंत्राऐवजीं गांवाच्या शब्दावर भरंवसा ठेवला होता. संध्याकाळच्या वेळीं कोणी पंप चालवावयाचा नाहीं, आकडा टाकावयाचा नाहीं, असें गांवानें ठरवावें. त्याच्या मोबदल्यांत दिव्याची वीज अखंड मिळावी. कित्येक गांवांनीं तो शब्द पाळला. सर्व युक्त्यांत हीच अधिक शहाणपणाची होती, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

टिकाऊ उपाय मात्र एकच होता, धनी वेगळे करण्याचा. गांवठाणाची वाहिनी निराळी आणि शेतीची वाहिनी निराळी. खर्च मोठा, खांब दुप्पट. तरीहि राज्याच्या पुष्कळ भागांत हें काम झालें. परिणाम तत्काळ दिसला. गांवांतले दिवे, पिठाची गिरणी, शाळेचा पंखा, औषधें थंड ठेवणारी पेटी हीं पंपांच्या वेळापत्रकांतून सुटलीं.

परंतु पंपाचें काय? त्याची तार वेगळी झाल्यामुळें आतां तिची वेळ मुकाट्यानें हलवितां येऊं लागली. पूर्वीं रात्रीं तार बंद केली तर गांव ओरडे. आतां दिवसा शेतीची वाहिनी बंद ठेवली तर ओरडणारे फक्त शेतकरी. कांहीं दिवस दिवसा आठ तास आणि कांहीं दिवस रात्रीं दहा तास अशी आळीपाळी बराच काळ चालली. कागदावर रात्रीचे तास दोन अधिक, म्हणजे लाभच! पौष महिन्यांतील मध्यरात्रीं हरभऱ्याच्या ओलितासाठीं वावरांत जाणें म्हणजे काय, हें त्या वेळापत्रकांत लिहिलेलें नसतें. हातांत विजेरी, पायाखालीं चिखल, सापविंचवाचें व रानडुकराचें भय, कठडा नसलेली विहीर, आणि तुषार सिंचनाचे थंडगार पाइप एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागीं जोडावयाचे. ज्या घरांत कर्ता पुरुष नाहीं, शेती बाईच्या अंगावर आहे, तिला रात्रीची पाळी म्हणजे मजूर शोधणें आलें. म्हणून कित्येक जण मोटरीला ऑटो-स्विच लावून घरीं निजतात. वीज आली कीं मोटर आपोआप सुरू होते. पण सगळ्याच मोटरी त्याच क्षणीं सुरू होतात आणि सुरू होतांना मोटर नेहमींच्या कित्येक पट वीज ओढते. तो धक्का डी. पी. ला सोसत नाहीं. ऐन रब्बींत डी. पी. जळते, आणि ती बदलून येईपर्यंत हरभऱ्याचा फुलोरा थांबून राहत नाहीं.

तारेची ही गोष्ट दिव्या-पंपांवर संपत नाहीं. संदेशवहनाचीं साधनेंहि याच खांबांवर अवलंबून आहेत. १९५६ च्या वसंतांत पुणें आकाशवाणीनें पांच जिल्ह्यांतील दीडशें गांवांत शेतकऱ्यांचीं श्रोतृमंडळें बसवून रेडिओवर शेतीची चर्चा ऐकविण्याचा प्रयोग केला, तो युनेस्कोच्या साहाय्यानें. जगभर त्याची वाखाणणी झाली. बुलढाणा तेव्हां मुंबई राज्यांतच नव्हता. रेडिओला निदान बॅटरी पुरते. आजच्या साधनांची भूक मोठी आहे. तोट्याच्या ग्रामीण भागांत दूरध्वनि पोंचावा म्हणून २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नांतून ५ टक्के हिस्सा वेगळा काढून एक निधि उभारला गेला. २०११ सालीं त्यांतूनच ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूंची तार नेण्याची योजना मंजूर झाली, तीच पुढें भारतनेट. काचेच्या तारेंतून प्रकाश धांवतो हें खरें, परंतु तिच्या टोकाला पंचायतींत जें यंत्र बसतें तें विजेवर चालतें. वीज गेली आणि बॅटरी दुबळी असली कीं यंत्र मुकें. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानें अधिसूचित सेवा ठराविक मुदतींत मिळण्याचा अधिकार नागरिकाला दिला. जन्माचा दाखला, सातबारा हे आतां सेवा केंद्रांतून निघतात, आणि केंद्रांतील माणूस 'लाइट नाहीं' किंवा 'नेट नाहीं' म्हणाला कीं अर्जदाराचा दिवस, आणि एस. टी. चें भाडें, वायां जातें. गांवठाणाची वाहिनी वेगळी झाल्याचा लाभ येथेंहि पोंचला, तो असा.

कायदा या बाबतींत अगदींच मुका नाहीं. २००३ च्या विद्युत कायद्याप्रमाणें मागणी करणाऱ्याला, तार जवळ असल्यास, महिन्याच्या आंत जोडणी देणें वितरकावर बंधनकारक आहे. बिघाड मुदतींत दुरुस्त न झाल्यास भरपाईची तरतूद आहे. या मुदती राज्याचा नियामक आयोग ठरवितो, आणि त्यांत शहरापेक्षां खेड्याला अधिक तास दिलेले असतात. अंतर, रस्ते, माणसांची कमतरता हीं त्याचीं कारणें. पण जळलेल्या डी. पी. खालचें पीक शहरांतील पंख्यापेक्षां अधिक वेळ धीर धरतें, असें कांहीं त्यांत सिद्ध झालेलें नाहीं.

पैशाची बाजूहि पाहिली पाहिजे, कारण ती शहरांतील घरांपर्यंत येते. शेतीची वीज स्वस्त राहते ती अंशतः कारखाने व दुकानें यांच्याकडून अधिक दर घेऊन आणि अंशतः सरकारच्या तिजोरींतून. २०२४ सालीं राज्य सरकारनें साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना, २०२९ च्या मार्चअखेरपर्यंत, वीज मोफत केली. वर उल्लेखिलेल्या कायद्याप्रमाणें अशी सवलत द्यावयाची तर सरकारनें तिची रक्कम वितरकाला आगाऊ भरली पाहिजे. बिल शून्य झालें, तरी रात्रीची पाळी त्यानें टळली नाहीं. शेतकऱ्यांच्या सभांत 'फुकट नको, दिवसा द्या' असें जें म्हटलें जाई, त्याचा अर्थ हाच.

दिवसा देण्याचा मार्ग सूर्यानें दाखविला, आणि तो शक्य झाला तो वाहिन्या वेगळ्या झाल्यामुळेंच. २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली; २०२३ सालीं तिची दुसरी आणि पुष्कळ मोठी आवृत्ति. उपकेंद्राच्या आसपास पडीक किंवा सरकारी जमिनीवर सौरपट्ट्या उभारावयाच्या आणि तेथली वीज त्याच उपकेंद्रावरून शेतीच्या वाहिनीवर सोडावयाची. खासगी जमीन भाड्यानें घेतली तर हेक्टरीं वर्षाला सव्वा लाख रुपये, आणि दरसाल तीन टक्के वाढ. कोरडवाहू वऱ्हाडांत एवढें भाडें अनेकांना पिकापेक्षां बरें वाटल्यास नवल नाहीं. सूर्य असतो तेव्हांच पंप चालतो, म्हणून रात्रीचा प्रश्नच उरत नाहीं. विजेला लांबून यावें लागत नाहीं, म्हणून तारांतील गळतिहि घटते. गांवठाणाचा संध्याकाळचा दिवा मात्र सूर्यास्तानंतरचा. त्याच्यासाठीं पारसच्या भट्टींत कोळसा पडतच राहणार. आणि ज्या उपकेंद्राला असा सौरप्रकल्प अद्याप जोडला गेलेला नाहीं, तेथें हरभऱ्याला पाणी देण्याची पाळी अजूनहि कांहीं रात्रीं येते.