ऊसवाढीचे मोजमाप व उत्पादनाचा अंदाज

सन २०२१-२२ च्या गळीत हंगामात महाराष्ट्रातील उसाचे उत्पादन प्रारंभीच्या अंदाजाहून बरेच अधिक निघाले. गाळप जून २०२२ पर्यंत लांबले आणि मराठवाड्यातील अनेक शेतकऱ्यांचा ऊस ऐन उन्हाळ्यात शेतातच उभा राहिला. तोडणी लांबली की वजन व साखर उतारा दोन्ही घटतात. तोडणीच्या टोळ्या, वाहने व गाळपाचे दिवस यांचे नियोजन अंदाजावरच अवलंबून असल्याने तो शास्त्रीय पद्धतीने करणे अगत्याचे ठरते.

नमुन्याची निवड

उभ्या पिकाकडे बांधावरून पाहून केलेला अंदाज फसवा असतो. कडेच्या उसास ऊन व हवा अधिक मिळत असल्याने तो जोमदार दिसतो. यास्तव कडेच्या सऱ्या वगळून शेताच्या आतील भागात, यदृच्छेने, निदान चार-पाच ठिकाणे निवडावीत. निवडलेल्या जागी तुटाळ आढळल्यास ती टाळू नये. तीही पिकाचाच भाग होय. पीक कापणी प्रयोगांत यदृच्छ निवडीचे हे तत्त्व १९४० च्या दशकात रुजविण्यात सातारा जिल्ह्यात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांचा मोठा वाटा आहे.

मोजणी व गणित

प्रत्येक ठिकाणी सरीची १० मीटर लांबी मोजून तीमधील गाळपयोग्य ऊस मोजावेत. कोवळे फुटवे धरू नयेत. सरींमधील अंतर १२० सें.मी. असल्यास हे क्षेत्र १२ चौरस मीटर होते. तेथे ९६ ऊस आढळल्यास हेक्टरी संख्या ८०,००० येते. काही ऊस तोडून, वाढे व पाचट काढून तोलावेत. सरासरी वजन सव्वा किलो भरल्यास हेक्टरी उत्पादन १०० टन, म्हणजे एकरी सुमारे ४० टन ठरते. सरींमधील अंतर चुकून ११० सें.मी. धरले, तर हाच अंदाज १०९ टनांवर जातो. म्हणून अंतर टेपनेच मोजावे.

ऊस न तोडताही वजन काढता येते. उसाची घनता पाण्याच्या जवळपास असते. अडीच मीटर लांब व अडीच सें.मी. व्यासाच्या उसाचे घनफळ सुमारे १,२३० घन सें.मी., अर्थात वजन साधारण सव्वा किलो होते. मात्र काही ऊस तोलून हा हिशेब पडताळणे आवश्यक आहे.

वाढीची नोंद

वाढीसाठी खुणेची चिठ्ठी बांधलेले तेच ऊस दरमहा मोजावेत. जमिनीपासून, पान व देठ यांचा सांधा स्पष्ट दिसणाऱ्या सर्वांत वरच्या पानापर्यंतची उंची घ्यावी. एकूण जैवभारात वाढे व पाचट यांचाही समावेश होतो. ती वेगळी तोलावीत. तोडणीच्या उसात सुमारे ७० टक्के पाणी असल्याने शुष्क भार नमुना वाळवूनच कळतो.

आडसाली, पूर्वहंगामी, सुरू व खोडवा यांच्या नोंदी स्वतंत्र ठेवाव्यात. त्यांची सरासरी एकत्र केल्यास अंदाज चुकतो. शाळांतील विद्यार्थी व ग्रामपंचायत सदस्य यांनी गावातील काही शेतांच्या अशा नोंदी ठेवल्यास तोडणीचा क्रम ठरविताना गावाजवळ भरवशाचा आधार राहील.