चमचाभर तेलाचं पुढे काय होतं?

शहापूरहून किन्हवलीकडे निघालं की वाटेत शेणवा लागतं. पहिल्या पावसानंतर या पट्ट्यात घरोघरी रानभाज्या शिजतात. आधी शेवळं, मग कुर्डू, टाकळा, भारंगी. ही पानं जीवनसत्त्वांनी भरलेली असतात, असं रानभाजी महोत्सवात दरवर्षी सांगितलं जातं आणि ते खरंच आहे. एक गोष्ट मात्र त्या भाषणांतून सहसा निसटते. हिरव्या पानात ‘अ’ जीवनसत्त्वाचं मूळ द्रव्य असतं ते बीटा कॅरोटीनच्या रूपात, आणि ते पाण्यात विरघळत नाही. आतड्याची भिंत ओलांडायला त्याला स्निग्ध पदार्थाची सोबत लागते. नुसत्या उकडून मीठ-मिरची लावलेल्या भाजीतलं बरंचसं कॅरोटीन आलं तसं शरीराबाहेर जातं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांनी हे लहान मुलांमध्ये तपासलं आणि १९८० साली प्रसिद्ध केलं. मुलांना पालेभाजी दिली. काहींच्या जेवणात वरून तेल नव्हतं, काहींच्या होतं. अवघ्या ५ ग्रॅम तेलाने, म्हणजे चहाच्या एका चमच्याने, कॅरोटीनचं शोषण स्पष्ट वाढलं. ‘तेल कमी खा’ हा सल्ला शहरातल्या वाढत्या पोटांसाठी योग्यच आहे. पण तोच सल्ला मोबाइलवरून शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर पोचतो, तेव्हा तो चुकीच्या पत्त्यावर पडतो. जिथे तेलाची पिशवी पुरवून पुरवून वापरावी लागते तिथे पथ्य सांगायचं ते कुणाला?

पूर्वी मोहाच्या बियांचं तेल घरात असायचं, थंडीत थिजणारं. उतारावरच्या वरकस जमिनीत खुरासणी व्हायची. तिच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर असतं, आणि ते आपलं शरीर स्वतः तयार करू शकत नाही. हे मेदाम्ल अन्नातूनच मिळवावं लागतं.

आता तो चमचाभर पोटात गेला की काय होतं ते पाहू. तेल पाण्यात मिसळत नाही आणि आतड्यातला सगळा कारभार पाण्यात चालतो, ही इथली मुख्य अडचण. तेलाचे थेंब लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचले की पित्ताशय आकसतं आणि पित्त सोडतं. पित्तातली आम्लं मोठ्या थेंबांचे बारीक बारीक थेंब करतात. मग स्वादुपिंडातून आलेलं लायपेज हे विकर कामाला लागतं. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या कण्याला लागलेली तीन मेदाम्लं. लायपेज त्यातली दोन तोडून वेगळी करतं. हे तुकडे पित्ताम्लांच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत शिरतात आणि भिंतीशी जाऊन भिडतात. कॅरोटीन आणि ‘ड’, ‘ई’, ‘के’ ही जीवनसत्त्वंही याच गोळ्यांत बसून येतात.

पेशीच्या आत जे घडतं त्याचं मला कायम नवल वाटत आलं आहे. एवढा खटाटोप करून तोडलेले तुकडे पेशी आत घेते आणि पुन्हा जोडून टाकते! जोडलेल्या तेलाभोवती प्रथिनांचं वेष्टण चढतं आणि कायलोमायक्रॉन नावाचा कण तयार होतो. तो इतका मोठा असतो की आतड्यातल्या केशवाहिन्यांत त्याला शिरता येत नाही. म्हणून तो लसिकेच्या (लिम्फच्या) वाटेने निघतो. इटलीच्या गास्पारे असेली या शल्यविशारदाने १६२२ साली नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याचं पोट उघडलं, तेव्हा आतड्यालगत त्याला पांढऱ्या दोऱ्या दिसल्या. आधी त्याला त्या मज्जातंतू वाटल्या. एक कापली तर दुधासारखा द्रव बाहेर आला. तो जेवणातला मेद होता. हा दुधाळ प्रवाह छातीतून वर चढतो आणि मानेच्या डाव्या बाजूला बुडाशी एका मोठ्या शिरेत रिकामा होतो. साखर आणि प्रथिनांना आधी यकृताचा उंबरा ओलांडावा लागतो. बहुतेक मेद मात्र यकृताला वळसा घालून थेट सगळ्या शरीरात फिरतो, आणि मगच स्नायू तो जाळतात किंवा चरबीच्या पेशी साठवतात.

निरोगी माणसाचं आतडं खाल्लेल्या मेदातला सुमारे ९५ टक्के असा शोषून घेतं. ‘निरोगी’ ही अट इथे फार मोठी आहे. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला जेमतेम मिलिमीटरभर उंचीची बोटांसारखी उद्वर्धनं असतात, आणि त्यांच्यावरच्या पेशी चार-पाच दिवसांत झडून नव्या येतात. म्हणजे ही भिंत शरीराला अखंड बांधत राहावी लागते. पोर सारखं दूषित पाणी पीत असेल, अंगणातली माती तोंडात घालत असेल, दर महिन्याला हगवणीने गळत असेल, तर ही बोटं आखूड आणि बोथट होतात. डॉक्टर याला एन्व्हायर्नमेंटल एन्टरोपॅथी म्हणतात. वरून आजार दिसत नाही, पण शोषणाची जागाच घटलेली असते. अतितीव्र कुपोषणात तर पित्ताम्लंही कमी पडतात. अशा मुलाला लगेच भरपूर तूप-तेल चारलं तर ते त्याला झेपत नाही. म्हणूनच पोषण पुनर्वसन केंद्रात आधी कमी मेदाचं दूध देतात, ज्यात ऊर्जेचा सुमारे ३२ टक्के भाग मेदातून येतो. मूल सावरलं की ५३ टक्क्यांच्या दुधावर नेतात.

याच शहापूर तालुक्याच्या कुशीत तानसा, भातसा, वैतरणेची धरणं आहेत. त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. विहिरीच्या तळाशी उरलेलं गढूळ पाणी ज्या घरात हंड्यात भरलं जातं, तिथे पोषणाचा प्रश्न निम्मा पाण्याचाच आहे, असं माझं ठाम मत आहे. अंगणवाडी ताईच्या हातातली दंडाचा घेर मोजायची पट्टी ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल दिसते. त्या लालीमागे रिकामी थाळी जितकी असते, तितकंच झिजलेलं आतडंही असू शकतं.

शोषलेल्या मेदाचं शरीर पुढे काय करतं, हा या कथेचा दुसरा भाग, आणि तो मराठी मुलखातच उलगडला. मुरबाडवरून माळशेज घाट चढला की पुणे जिल्हा लागतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना मधुमेहाचे असे रुग्ण दिसत होते, जे पाश्चात्त्य पुस्तकांच्या हिशेबात लठ्ठ बसतच नव्हते. वजन बेताचं, हातपाय बारीक, पोट तेवढं सुटलेलं. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःच्याच शरीराचा दाखला दिला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. तपासणीत युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी निघाली, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के.

ही चरबी येते कुठून? १९९३ मध्ये याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत बायकांच्या गरोदरपणाच्याही आधीपासून नोंदी सुरू केल्या. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं सरासरी साडेतीन किलोची. इथली पावणेतीन किलोच्याही आतली. पण कातडीची जाडी मोजल्यावर कळलं की स्नायू आणि पोटातले अवयव लहान राहिले आहेत, चरबी मात्र बऱ्यापैकी टिकून आहे. या बाळांना ‘थिन-फॅट’ हे नाव मिळालं. कृश, तरीही मेदस्वी. आईने खाल्लेल्या एकूण कॅलरी आणि प्रथिनांशी बाळाच्या आकाराचा फारसा संबंध लागला नाही. दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळं खाणाऱ्या आयांची बाळं मात्र मोठी निघाली. अठराव्या आठवड्याच्या सुमारास आईच्या आहारातल्या मेदाचाही बाळाच्या लांबीशी आणि वजनाशी संबंध दिसला.

ही मुलं संशोधकांनी सोडली नाहीत. सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या वर्षी त्यांना पुन्हा तपासलं. अठराव्या वर्षी जवळपास निम्म्या मुलामुलींचं वजन प्रमाणापेक्षा कमीच होतं. तरीही ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांच्या रक्तातली साखर बिघडू लागली होती. उपासमार आणि मधुमेह ही दोन टोकं आहेत, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. ‘आमच्यात कुणी जाडं नाही, आम्हाला कसली साखर’ असं गावात सहज म्हटलं जातं. पण अशा सडपातळ माणसाचीही साखर तपासली गेली पाहिजे.

याच अभ्यासात दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळलं. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक होती. बी-१२ शोषलं जातं ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात. पित्ताम्लं परत उचलून यकृताकडे धाडली जातात तीही तिथूनच. शरीरातला पित्ताम्लांचा साठा असतो जेमतेम तीन-चार ग्रॅमचा, आणि तोच दिवसातून अनेकदा फिरवून वापरला जातो. आतड्याचा हा एक तुकडा बिघडला तर बी-१२ आणि मेद दोन्ही हातचे जातात.

पुढे याज्ञिकांच्या गटाने याच गावांतल्या किशोरवयीन मुलामुलींना रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन पाहिलं. त्यांना मुलं होतील तेव्हा ती बाळं कशी असतील, हे शोधणं हा हेतू. म्हणजे आजीपासून नातवापर्यंत तीन पिढ्यांचा हिशेब एकाच अभ्यासात मांडला जातो आहे. बी-१२ मिळतं ते दुधातून, अंड्यातून, मासळीतून. शेणव्याच्या आसपास सुकट-बोंबील कालवणात पडतात, तेव्हा ते घरात येतं. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी २०१५ पासून अमृत आहार योजनेत अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण आहे: भाकरी, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडं. त्या पालेभाजीच्या फोडणीत माणशी एक चमचा तेल पडतं की नाही, हे तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी रजिस्टरआधी पातेल्यात पाहावं.