झडतीचा पंचनामा आणि गृहस्थाचे हक्क

गोदाकाठच्या गंगाखेडात एखाद्या वाड्याच्या दारी पोलीस अधिकारी झडतीसाठी येऊन उभा राहिला, तर त्याच्यापाशी वॉरंट आहे काय हे विचारण्याचा गृहस्थास अधिकार आहे; ते दाखविल्यावर मात्र दार उघडणे भागच आहे. निकडीच्या तपासात वॉरंटाविनाही झडती घेता येते. परंतु १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ अन्वये तिची कारणे लेखी नमूद करून त्यांची नक्कल ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे धाडावी लागते, आणि गृहस्थाने अर्ज केल्यास ती त्याला विनामूल्य मिळते. ही तरतूद घरोघरी ठाऊक असावी, असे मला मनापासून वाटते.

झडतीसमयी दोन प्रतिष्ठित, निःपक्षपाती पंच हवेत, शक्यतो त्याच वस्तीतले. गृहस्थास हजर राहू दिले पाहिजे, स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच घ्यावी, आणि सर्व प्रकाराचे चित्रीकरण व्हावे. कपाटातून पाटल्यांची जोडी उचलली, तर ती कोठे सापडली हे यादीत उतरले पाहिजे व यादीची नक्कल तेथेच मागून घ्यावी. पंचांनी कोऱ्या कागदावर सही मुळीच करू नये. निव्वळ पाळतीखातर रात्री-अपरात्री घरात शिरण्याची मुभा देणारा उत्तर प्रदेशातील नियम तर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ सालीच, खडक सिंग यांच्या खटल्यात, घटनाबाह्य ठरविला आहे.